सगळं वायफाय करून टाकू का?

प्रश्न: नमस्कार सर, सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, पुढं ऑफिस, मागं माग आणि वर घर. ऑफिसात दोन कॉम्प्युटर आन् प्रिंटर, सगळं वायरीनं जोडलेलं. परवा उंदरानं केबल कुरतडली, जीएसटीचं काम अर्धवट राहिलं. मुलगा म्हणतो पप्पा, सगळं वायफाय करा. पण राउटर खाली ऑफिसात, वरच्या मागच्या खोलीत रेंजच येत नाही, भिंती जुन्या दगडी. काय करावं?

उत्तर: मुलाचं अर्धं बरोबर आहे. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओच, राउटर लहरी सोडतो आणि लॅपटॉपमधलं कार्ड त्या पकडतं. १९९७ साली पहिलं स्टँडर्ड आलं तेव्हा स्पीड २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) होता, आता साध्या राउटरला पण शेकड्यात मिळतो. फायदा काय, तर दगडी भिंतीला ड्रिल मारायचं काम नाही, प्रिंटर कुठंही ठेवा, आणि बिल दाखवायला लॅपटॉप उचलून मागापाशी न्या.

एक घोळ सगळ्यांचाच होतो बघा, वायफाय म्हणजेच नेट असं नाही. लाइनचं नेट गेलं तरी राउटर चालू असला की तुमचे दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी आणि प्रिंटरशी बोलतच राहतात, त्यामुळं एका मशीनवरचा टॅलीचा डेटा दुसऱ्यावर उघडतो. लाइट गेली की मात्र राउटर बंद, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावा, कॉम्प्युटरचा आहेच ना.

आता खरी अडचण, भिंती. आताच्या बहुतेक राउटरला दोन बँड, म्हणजे लहरींचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाला पळतो जोरात पण भिंत आली की दमतो, २.४ हळू पण लांब जातो, आणि दीड-दोन फुटी दगडी भिंतीपुढं दोघांचंही फार चालत नाही. त्यात लोखंड आलं की लहरी परत फिरतात, म्हणून राउटर गोदरेजच्या कपाटावर किंवा मागांच्या मधे ठेवू नका (लोक हमखास तिथंच ठेवतात, का ते मला आजवर कळलं नाही). २.४ वर शेजाऱ्यांची गर्दी असेल तर राउटरच्या सेटिंगमधे चॅनल (त्या पट्ट्यातले छोटे भाग) १, ६, ११ पैकी मोकळा असेल तो निवडा, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

वरच्या खोलीसाठी स्वस्तातला रिपीटर (सिग्नल पकडून पुढं सोडणारी डबी) घेऊ नका, एकाच बँडवर तोच ऐकणार आणि तोच पुढं सांगणार, म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. त्यापेक्षा जिन्यातून एक केबल वर न्या, १०० मीटरपर्यंत आरामात चालते, आणि वर जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर लावा, म्हणजे तो केबलनं आलेलं नेटवर्क वर वायफायनं देईल, नाव-पासवर्ड खालचाच ठेवा. टॅलीचा डेटा असलेला कॉम्प्युटर पण वायरीवरच राहू द्या, तो कुठं हलणार आहे?

वायफायचा पासवर्ड डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा (राउटरच्या सेटिंगमधले हे सुरक्षेचे प्रकार), राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड पण बदला, आणि व्यापारी आले की त्यांना गेस्ट नेटवर्क द्या, हिशेबाच्या नेटवर्कवर नको.

आणि हो, ती जिन्यातली केबल पीव्हीसी पाइपातूनच घाला, उंदीर अजून तिथंच आहे.