ओटीपीसाठी भाड्याचा नंबर घ्यावा का?

मागच्या अंकात ओटीपीवर चार ओळी काय लिहिल्या, व्हर्च्युअल नंबरवरचे, म्हणजे आपल्या हातात सिम नसताना इंटरनेटवर फुकट नाहीतर भाड्यानं भेटणाऱ्या नंबरवरचे, प्रश्नच प्रश्न येऊन राहिले. त्यातले चार घेतो. नावं गाळली, तालुके ठेवले.

प्रश्न: भाऊ, माहं गावात ऑनलाईन सेंटर हाय. कास्तकार फॉर्म भरायले येतात, पण अर्ध्यायच्या फोनात रिचार्ज नसते, कोणाचं सिम पोराच्या मोबाईलात अन् पोरगा पुण्याले. आतापर्यंत मी माहाच नंबर टाकून द्यायचो, आता एक अ‍ॅप म्हणते का हा नंबर आधीच वापरला. यूट्यूबवर एका पोट्ट्यानं दाखवलं का वेबसाईटवर फुकट नंबर भेटतात, ओटीपी तिथेच स्क्रीनवर दिसते. तसं केलं तं चालते का?
(सेंटरवाले वाचक, ता. दारव्हा)

उत्तर: बहुतेक ठिकाणी चालणारच नाही, आणि जिथे चालेल तिथे तर अजिबात करू नका. आपला नंबर आपल्या सिमला बांधलेला असतो, तुम्ही दाखवला तसल्या नंबरला तुमच्या हातात सिमच नसतं, मेसेज दुसऱ्याच कोणाच्या मशीनवर उतरतो आणि तिथून इंटरनेटवर दिसतो. कंपन्या कॉल सेंटरसाठी रीतसर कागदपत्रं देऊन असे नंबर घेतात, त्यात वावगं काही नाही. पण फुकटवाल्या साईटवर तो मेसेज तुम्हालाही दिसतो, मलाही दिसतो आणि दिल्लीत बसलेल्या कोणालाही दिसतो.

परवा जेवण झाल्यावर मी मुद्दाम अशी एक साईट उघडून बसलो. अमेरिकेचा, प्लस एकवाला नंबर होता. दहा मिनिटं नुसता पाहत राहिलो बाप्पा, मेसेजवर मेसेज, कोणाचा ईमेलचा कोड, कोणाचा गेमचा, कोणाचा डेटिंगवाल्या अ‍ॅपचा, आणि बाजूला बारीक अक्षरात "२ मिनिटांपूर्वी". चावडीच्या फळ्यावर घरोघरच्या कुलपाचे आकडे लिहून ठेवावे तसं. एखाद्यानं ठरवलं तर "पासवर्ड विसरलो" दाबायचं, कोड तिथेच वाचायचा, की खातं त्याचं.

मीही हा शहाणपणा केलेला आहे. काही वर्षांमागे एक जादाचा ईमेल अशाच नंबरवर उघडला, भाचीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात टाकले, मग हँडसेट बदलला आणि ईमेलवाले म्हणे त्याच नंबरवर कोड पाठवतो. नंबर तर साईटवरून केव्हाच गायब. बहीण अजून टोमणे मारते.

आता तुमच्या कास्तकारांचं. जिथे आधारचा ओटीपी लागतो तिथे तुम्ही फॉर्मवर काहीही टाका, ओटीपी आधारला जो नंबर लागलेला आहे त्यावरच जाणार. यूपीआयचं तर उलटंच आहे, तिथे आधी आपलाच फोन आपल्या सिममधून गुपचूप एक मेसेज पाठवतो, म्हणून सिम त्याच फोनात पाहिजे. बाकी अ‍ॅपवाले पण नंबर टाकल्या टाकल्या तपासतात की हा मोबाईलचा आहे की इंटरनेटचा, आणि इंटरनेटचा निघाला की बरेच जण दारातूनच परत पाठवतात. त्यापेक्षा त्यांना एकदा आधार केंद्रावर न्या, मोबाईल नंबर लावायला कागद लागत नाही, माणूस आणि त्याचा अंगठा पुरे. पीएम किसानची ई-केवायसी तर ओटीपीशिवायही होते, सीएससीवर, म्हणजे सरकारी सेवा केंद्रावर, अंगठा देऊन किंवा अ‍ॅपवर चेहरा दाखवून, हे बऱ्याच सेंटरवाल्यांनाच माहीत नाही.

आणि तुमचा स्वतःचा नंबर टाकणंही बंद करा. २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी लागली, माल आणायचा स्लॉटही तिथूनच. आता पन्नास जणांच्या नोंदणीवर तुमचा नंबर असला आणि तुम्ही साळ्याच्या लग्नाला गेले, की कास्तकार गाडी भरून तुमच्या बंद शटरसमोर उभा. शिव्या कोणाला बसतील?

प्रश्न: दादा, आमचा बचतगट हळद, लोणचं, सरगुंडे विकते. पाकिटावर माहा नंबर छापला तं रात्री-बेरात्री नाही नाही ते फोन येऊन राहिले, घरचे कटकट करतात. एक जण म्हणते २०० रुपयात अमेरिकेचा नंबर देतो, व्हॉट्सअ‍ॅपही चालू करून देतो. घेऊ का?
(बचतगटातल्या ताई, ता. सेलू, जि. वर्धा)

उत्तर: ताई, तुमची गरज सोळा आणे खरी आहे, पण हा इलाज नाही. पहिली गोष्ट, प्लस एकवाला नंबर पाहून आपल्याकडचं गिऱ्हाईक फोनच उचलणार नाही, फसवणुकीचे इतके कॉल येऊन राहिले की लोक भ्यालेले आहेत. दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे तो नंबर तुमचा होतच नाही. आज २०० रुपयात तुम्हाला दिला, महिन्याभरानं तोच तिसऱ्याला देईल, तिसऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तो टाकला की कोड त्याच्याकडे आणि तुमचं खातं बंद. गिऱ्हाईक मग "ताई, हळद पाठवा" म्हणून कोणाला पैसे पाठवून राहिलं कोण जाणे.

सरळ गटातल्या एकीच्या नावावर दुसरं सिम घ्या. अँड्रॉइड फोनात २०२३ पासून एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन खाती चालतात, एक घरचं एक धंद्याचं, संध्याकाळी सात वाजता धंद्याचं सिम सेटिंगमधून बंद करून टाकायचं. कोणाच्या घरी जुना लँडलाईन असेल तर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस त्यावरही निघतं, मेसेजऐवजी "कॉल करा" दाबलं की बाई फोनवर कोड वाचून दाखवते. यात लपवाछपवी काही नाही, कंपनीनं दिलेली सोय आहे. आणि सेटिंगमधला टू-स्टेपचा सहा आकडी पिन आजच लावा, तो असला की नुसत्या ओटीपीवर लगेच कोणी आत शिरत नाही.

तसंही नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं मेसेजिंग अ‍ॅपवाल्यांना सांगितलं आहे की ज्या सिमवर खातं काढलं ते सिम फोनात असल्याशिवाय अ‍ॅप चालू ठेवू नका. उसन्या नंबरचे दिवस तसेही भरत आलेले.

प्रश्न: बाबाचा नंबर रिचार्जअभावी बंद पडला, चार-पाच महिने झाले. बँकेत तोच नंबर हाय. आता तो नंबर दुसऱ्याले भेटला तं?
(वाचक, ता. उमरेड)

उत्तर: भेटू शकतो. बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवस कोणाला देत नाही, त्यानंतर देऊ शकते, हे ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातच सांगितलं. व्हॉट्सअ‍ॅपवाले म्हणतात, खातं ४५ दिवस बंद राहून नव्या फोनवर चालू झालं तर जुना डेटा आम्ही काढून टाकतो, पण बँकेचे मेसेज काही आपोआप थांबत नाहीत. म्हणजे पाहिलं तर आपलं खरं सिमही भाड्याचंच, भाड्याला फक्त रिचार्ज म्हणतात. उद्याच बाबांना घेऊन बँकेत जा, पासबुक आणि आधार न्या, नंबर बदलायचा अर्ज द्या. मग गॅस, आधार, ईमेल. पण बँक आधी.

प्रश्न: सर, मी बीएस्सीले हाय. टेलिग्रामवर काम भेटलं, आपल्या सिमवर येणारा ओटीपी फक्त त्यायले सांगाचा, एका ओटीपीचे २० रुपये. आतापर्यंत ४६० भेटले. मित्र म्हणते लफडं हाय. काऊन?
(विद्यार्थी, ता. मूल)

उत्तर: मित्राचं ऐक बेटा. वरच्या सेंटरवाल्या भाऊंनी विचारला तो व्हर्च्युअल नंबर येतो कुठून, तर काही वेळा तुझ्यासारख्याच्या खिशातून. साईटवर "भारताचा नंबर" म्हणून जो विकला जातो तो असाच कोणाचा तरी खराखुरा सिमचा नंबर असू शकतो. ४६० म्हणजे २३ ओटीपी, म्हणजे तुझ्या नंबरवर २३ पर्यंत खाती अशी असू शकतात, जी तू कधी पाहिलीही नाहीस. त्यातल्या एकानंही कोणाला गंडवलं तर पोलीस सिम ज्याच्या नावावर त्याच्याच दारी येतात, टेलिग्रामवाला तर नावही बदलून मोकळा झालेला असतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणूक करून किंवा दुसऱ्याच्या नावानं सिम घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे, म्हणून "आणखी सिम काढून दे, पैसे वाढवतो" असं म्हणाले तर त्या नादी तर लागूच नको.

आज काय करायचं ते सांगतो. त्यांच्याशी झालेल्या बोलण्याचे आणि पैसे आल्याचे स्क्रीनशॉट आधी काढ, मग ब्लॉक कर, उलटं केलंस तर चॅट उडूनही जाऊ शकतं. संचार साथी या सरकारी वेबसाईटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "माझा नाही" नोंदव. मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लाव आणि काही न लपवता सांग. घरी बापाला सांगायचं का, असंही तू चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं आहेस. सांग. पोलिसांकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं.