पॅनेल सॉ घ्या, पण ठेव सगळी मोडू नका

लातूरहून एका वाचकाने विचारलंय. शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, सोबत एक मदतनीस. किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, पलंग अशी कामं चालतात. वाळूजला एक युनिट बंद होतंय, तिथला सात वर्षं वापरलेला स्लायडिंग पॅनेल सॉ, म्हणजे सरकत्या टेबलावर मोठ्या शीट सरळ कापणारी मशीन, १ लाख ६५ हजारांना मिळतोय. बँकेत २ लाख ४० हजारांची एफडी आहे. ती मोडावी, रोखीत मशीन उचलावी आणि कर्जाच्या भानगडीत पडूच नये, असं त्यांच्या मनात आहे. घरखर्च महिन्याला २२ हजार.

तुमची गरज खरी आहे, हे आधी सांगतो. हात कितीही बसलेला असला तरी हातातल्या कटरने आठ बाय चार फुटांची शीट दिवसभर गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, कापणं अवघड, आणि सनमायका लावलेल्या बोर्डाची कड उडाली की गिऱ्हाईक तेवढंच बघतं. मशीन घेण्याला माझा विरोध नाही. पैसे कुठून आणि कधी घालायचे, एवढ्यावरच आपला मतभेद आहे.

१ लाख ६५ हजार ही मशीन वाळूजला उभी असतानाची किंमत झाली. ती तुमच्या शेडमध्ये फिरायला लागेपर्यंतचा हिशोब तुमच्याच आकड्यांवरून मांडला. क्रेन, ट्रक आणि उतरवणं १८ हजार. थ्री फेज कनेक्शन, वायरिंग, स्टार्टर २० हजार. डस्ट कलेक्टर २५ हजार. नवे ब्लेड, बेल्ट, बेअरिंग १५ हजार. एकूण २ लाख ४३ हजार. म्हणजे एफडी संपून वर तीन हजार उसने. त्यात विकणारा जीएसटीत नोंदलेला असेल आणि ‘बिल पाहिजे तर टॅक्स वेगळा’ म्हणाला, तर १८ टक्क्यांचे आणखी २९ हजार ७०० होतात. तुमची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे ते परत मिळत नाहीत. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: सांगितलेली किंमत बिलासकट आहे का?

आता मशीन देणार काय? तुम्ही सध्या एमआयडीसीत कटिंग करून आणता. शीटमागे १५० रुपये आणि टेम्पोच्या खेपेला ५००. काम जोरात असताना ४० शीट आणि चार खेपा, म्हणजे महिन्याला ८ हजार वाचतील. पावसाळ्यात बारा-चौदा शीटवर तुम्ही येता, तेव्हा जेमतेम ३ हजार. आठ महिने चांगले, चार महिने मंदीचे धरले तर वर्षाला ७६ हजार. वीज, ब्लेडला धार, किरकोळ दुरुस्ती यांचे महिना २ हजार वजा केले की ५२ हजार उरतात. या हिशोबाने २ लाख ४३ हजार वसूल व्हायला साडेचार वर्षांच्या वर लागतील. सात वर्षं चाललेल्या मशीनसाठी हे मला जास्त वाटतं. आजूबाजूच्या मिस्त्र्यांचं कटिंग घेऊ, असं तुम्ही लिहिलंय. जरूर घ्या, पण ते काम आल्यावर मोजा.

म्हणून किंमत खाली आणा. युनिट बंद होतंय, जागा रिकामी करायची घाई त्यांना आहे. बिलासकट १ लाख ३० हजारांच्या वर जाऊ नका. मग सगळा खर्च २ लाख ८ हजारांवर येतो आणि वसुली चार वर्षांवर.

या २ लाख ८ हजारांतले १ लाख केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेतून घ्या. सुतारकाम त्या अठरा व्यवसायांत आहे. पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, विनातारण, ५ टक्के व्याजाने, परतफेड १८ महिन्यांत. शिवाय अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर आणि प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि आधीचं मुद्रा कर्ज असेल तर ते पूर्ण फिटलेलं लागतं. उरलेले १ लाख ८ हजार एफडीतून काढा. मागे १ लाख ३२ हजार राहतात, म्हणजे बरोबर सहा महिन्यांचा घरखर्च. त्याला हात लावायचा नाही. ज्या भागात सोयाबीनचा भाव पडला की सगळ्या बाजारपेठेचा हात आखडतो, तिथल्या कारागिराला सहा महिन्यांपेक्षा कमी साठा पुरत नाही, हे मी आग्रहाने सांगतो.

हप्ता साधारण ५,७८० रुपये बसेल. चांगल्या महिन्यात खर्च वजा जाता ६ हजार वाचतात, म्हणजे मशीनचा हप्ता मशीनच भरते. पावसाळ्यात मात्र हजारच वाचतात आणि दरमहा पावणेपाच हजारांचा खड्डा पडतो. इथे हप्ता कधी सुरू होतो याला फार महत्त्व आहे. जूनमध्ये सुरू झाला तर अठरा महिन्यांत दोन पावसाळे सापडतात. डिसेंबरमध्ये सुरू झाला तर तो पुढच्या वर्षानंतरच्या मे महिन्यात संपतो आणि पावसाळा एकच लागतो. एक पावसाळा म्हणजे १९ हजारांची तूट, दोन म्हणजे ३८ हजारांची. तेव्हा नोंदणी आणि प्रशिक्षण आत्ता उरका, पण कर्जाची उचल दिवाळीनंतर करा. आडतीवरचा पैसा तेव्हा गावात फिरतो, पाठोपाठ लगीनसराई येते, आणि त्याच महिन्यांत १९ हजार बाजूला टाकता येतात. तोवर ही मशीन विकली गेली तर जाऊ द्या, दुसरी मिळते.

बघायला जाताना मशीनचं काम कळणारा फिटर सोबत न्या, त्याचे पैसे द्यायला कचरू नका. सरकता टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने ढकला आणि मध्ये कुठे हलतो का ते बघा. रुळात खेळ आला असेल तर तो खर्च मोठा. मग एक पट्टी आडवी कापून त्यातला एक तुकडा उलटा करा, दोन्ही तुकडे एका सरळ कडेला टेकवा आणि कापलेल्या कडा एकमेकींना भिडवा. फट दिसली तर गुण्यातली चूक दुप्पट होऊन समोर येते. सनमायकाची शीट कापून खालची बाजूही तपासा. तिथे टवके उडाले तर खालून आधी खाच पाडणारा छोटा स्कोअरिंग ब्लेड मुख्य ब्लेडच्या रेषेत नाही. तो जुळवता येतो, त्यामुळे एवढ्यावरून सौदा मोडू नका. मोटर बंद केल्यावर ब्लेड थांबेपर्यंत कान देऊन ऐका. घरघर आली तर बेअरिंग गेलंय.

बिल नसेल तर बँकेला दाखवायला तुमच्याकडे काही राहत नाही, म्हणून इसारसुद्धा रोख देऊ नका, खात्यातून पाठवा. आणि मशीनवरची ब्लेडची झाकणी व ब्लेडमागची रिव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारी पट्टी) गायब असेल तर ती बसवल्याशिवाय स्विच चालू करू नका. वर्षाला २० रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घेतलेली असेलच, पण एखादं बोट गेलं तर तिच्यातून काही मिळत नाही. बोटांच्या इजेलाही भरपाई देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी तुमच्यासाठी घ्या आणि तुमच्या मदतनिसासाठीही घ्या, तिचा हप्ता याच बजेटमध्ये धरून.