गाडी गॅरेजमध्ये अडकली, गिअरबॉक्स पुन्हा बंद पडला

प्रश्न : इंदिरानगर, नाशिक इथल्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं. वडिलांच्या नावावर २०१३ची ऑटोमॅटिक सेडान आहे. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना झटके बसू लागले. अंबडकडच्या एका गॅरेजवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ४८ हजारांचं एस्टिमेट दिलं. गिअरबॉक्स खोलल्यावर ‘हा गेला, बदलावाच लागेल’ म्हणाला आणि मुंबईहून ‘एकदम नवा’ आणून बसवला. एकूण १ लाख ३५ हजार. त्यातले ९० हजार यूपीआयने दिले, बाकी ‘सावकाश द्या’ म्हणत त्याने गाडी सोडली. सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी, बिल नाही, जुना गिअरबॉक्सही परत दिला नाही. दोन महिन्यांच्या आत कसारा घाट चढताना गाडीने ओढ सोडली; इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही. टो करून ती त्याच गॅरेजमध्ये सोडली. आता तो आधीचे ४५ हजार, नव्या कामाचे ४० हजार आणि रोजचे २०० रुपये पार्किंग मागतो आणि त्याशिवाय गाडी देत नाही. दुसरी चावी घरी आहे. गाडी उचलून आणू का? पोलिसात जाऊ का? विमा मिळेल का? गाडी वडिलांच्या नावावर असताना तक्रार मी करू शकतो का?

उत्तर : चावी आधी कपाटात ठेवा. भारतीय न्याय संहितेत चोरीच्या कलम ३०३ खाली जवळपास तुमच्यासारखाच प्रसंग उदाहरण म्हणून दिलेला आहे. दुरुस्तीला दिलेलं घड्याळ कारागिराने मजुरीपोटी कायदेशीरपणे अडवून ठेवलं आणि मालकाने त्याचं ते तारण बुडवायच्या हेतूने उचलून नेलं, तर स्वतःच्याच घड्याळाची चोरी होते. लगेच आधीच्या उदाहरणात मालकाचं काहीच देणं नसतं, म्हणून चोरी होत नाही. पण घुसखोरीचा गुन्हा तिथेही होऊ शकतो. तुम्ही यांतल्या कुठल्या उदाहरणात बसता, हा वाद रात्री गॅरेजच्या शटरसमोर घालण्यात अर्थ नाही.

वाद मात्र घालण्याजोगा आहे, आणि तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. करार कायदा, १८७२च्या कलम १७०नुसार, वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च करणारा माणूस त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती अडवू शकतो. पण हा हक्क त्याच कामापुरता असतो, आणि वस्तू ताब्यात असेपर्यंतच टिकतो. तुमच्या गॅरेजवाल्याने ४५ हजार बाकी असताना स्वतःहून गाडी सोडली, तेव्हाच त्या बाकीपोटी गाडी अडवायचा हक्क संपला. गाडी पुन्हा दारात आली म्हणून तो परत जिवंत होत नाही. मागची कुठलीही बाकी दाखवून हाती आलेली वस्तू धरून ठेवायची मुभा कलम १७१ने बँका, वकील अशा मोजक्यांनाच दिली आहे. गॅरेजवाले त्यात नाहीत. त्यांना त्यासाठी तुमच्याशी तसा स्पष्ट करार लागतो. राहिले नवे ४० हजार. ते काम अजून झालेलंच नाही, तर मोबदला कसला? आणि पार्किंगचं भाडं ठरलं नसताना, गाडी स्वतःच अडवून ठेवणाऱ्याने ते मागणं टिकत नाही.

याचा अर्थ ४५ हजारांचं देणं बुडालं असा नाही. तो ते दाव्याने मागू शकतो, तुम्ही ‘काम सदोष होतं’ असं उत्तर देऊ शकता. फक्त गाडी अडवून ते वसूल करता येत नाही.

खरी काळजी मला वेगळ्याच गोष्टीची आहे. हा गिअरबॉक्स आता पंचांशिवाय कुणी खोलता कामा नये. तुमच्या प्रकरणात साक्षीदार तोच आहे. त्याच्यावरचा नंबर किंवा लेबल, एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल काळं पडून जळकट वास मारतंय का, क्लच प्लेट घासल्या आहेत की व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वळवून गिअर बदलणाऱ्या भागात) दोष आहे, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोणते कोड स्कॅनरवर दिसतात, हे सगळं एकदा खोलून धुतलं की गेलं. मग गॅरेजवाला म्हणणार, तुम्ही घाटात गाडी ताणली, किंवा चुकीची टो केली. हा दुसरा बचाव हलक्यात घेऊ नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पोचवणारा पंप सहसा इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून, इंजिनाने फिरणारी चाकं रस्त्यावर ठेवून लांब ओढलं तर आतून खरंच नुकसान होतं. फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी ट्रकवर चढवून, आणली असेल तर ती पावती आजच शोधा.

म्हणून आजच व्हॉट्सअ‍ॅपवर त्याला शांत शब्दांत लिहा : ‘तुम्ही नवा म्हणून बसवलेला आणि सहा महिन्यांची गॅरंटी दिलेला गिअरबॉक्स दोन महिन्यांच्या आत बंद पडला. आमच्या तज्ज्ञाच्या उपस्थितीशिवाय तो खोलू नये.’ त्यावर त्याने ‘गॅरंटी होती पण...’ एवढं जरी लिहिलं, तरी तोंडी गॅरंटी कागदावर आली. शिव्या देऊ नका, त्याही कोर्टासमोर जातात. मग स्पीड पोस्टाने नोटीस : सात दिवसांत गाडी, जुना गिअरबॉक्स आणि बिल द्या. तज्ज्ञ म्हणून परवानाधारक वाहन सर्व्हेअर किंवा तंत्रनिकेतनातले ऑटोमोबाइलचे प्राध्यापक चालतील. शेजारच्या गॅरेजवाल्याचं मत वजन धरत नाही. फोन फॉरमॅट करू नका. चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडावं.

गाडी तातडीने हवीच असेल तर ‘हरकत राखून’ असं लिहून ४५ हजार बँकेतून देता येतील. त्याने तक्रार मरत नाही. मी मात्र आधी नोटीस देईन.

नोटिशीने हलला नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणून गॅरेज उद्या हललं तरी फरक नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्याने शुल्क शून्य, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७)मध्ये जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून खपवणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेल्या आहेत. (‘बिलाशिवाय कमी करून द्या’ असं तुम्हीच म्हणाला असाल तर ते मला आत्ताच कळवा, सुनावणीत कळण्यापेक्षा बरं.) तक्रारीबरोबरच कलम ३८(८)खाली अंतरिम अर्ज करा : गाडी परत द्यावी आणि गिअरबॉक्स आहे त्या स्थितीत राहावा.

मागताना हात आखडता ठेवा. ९० हजार परत, टोइंगचा खर्च, त्रासापोटी माफक रक्कम. एवढ्या जुन्या गाडीसाठी पाच लाखांची भरपाई मागितली की सगळ्या तक्रारीकडेच संशयाने पाहिलं जातं. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त धरून चाला. मध्यस्थीत तो तिसरा गिअरबॉक्स बसवून देतो म्हणाला तर मी नको म्हणेन. पैसे घ्या आणि काम दुसरीकडे करा.

पोलिसांत अर्ज देऊन ठेवायला हरकत नाही, पण ‘दिवाणी बाब आहे’ हे उत्तर मिळेल अशी तयारी ठेवा. मुंबईहून आलेल्या गिअरबॉक्सचं खरेदीबिल तो दाखवूच शकला नाही, तर मात्र तो कुठून आला याची चौकशी अर्जात जरूर मागा. विम्याचा नाद सोडा, नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते.

तक्रार वडील आणि तुम्ही दोघांच्या नावाने करा. पैसे तुमच्या खात्यातून गेलेत, गाडी त्यांची आहे, आणि कायद्यात पैसे देणारा व त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारा असे दोघेही ग्राहकच आहेत. वडिलांना नाशिकमध्ये फेऱ्या झेपत नसतील तर तुमच्या नावे साधं अधिकारपत्र द्यायला सांगा, आणि यूपीआयच्या स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आधीच घेऊन ठेवा.