कॅराव्हॅनचं डिझेल परवडेल, बाकीचं बघा

नेरुळच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: मार्चअखेर ते ६० पूर्ण होऊन महापे एमआयडीसीतल्या नोकरीतून निवृत्त होतायत. पीएफ, ग्रॅच्युइटी, जुन्या ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून १ कोटी १५ लाख. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरखर्च महिना ५० हजार, ईपीएसचं (पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेचं) पेन्शन ७ हजारांच्या आसपास. टोयोटा हायलक्स पिकअप (ऑन-रोड ३८ लाख) घ्यायची आणि मागे १४ लाखांची कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडायची, असा बेत आहे. जुनी इनोव्हा क्रिस्टा एक्स्चेंजमध्ये ९ लाखांना जाईल. वर्षाला आठेक सहली, कॅराव्हॅन ओढत ८ हजार किलोमीटर. मेहुणे म्हणतात, "ॲव्हरेज निम्म्यावर येईल, पेन्शन डिझेलमध्ये जाईल." ते खरं का? आणखी एक कोटेशन आलंय: साडेपाच लाखांचा बुटका ट्रेलर, आत फक्त झोपायची जागा, मागच्या बाजूला छोटा ओटा. वहिनींचे, म्हणजे वाचकांच्या पत्नीचे, गुडघे दुखतात आणि त्यात उभं राहता येत नाही, म्हणून तो बाजूला ठेवलाय. हायलक्सचं बुकिंग ५० हजार देऊन झालेलं आहे.

ॲव्हरेजबद्दल तुमचे मेहुणे जवळपास बरोबर आहेत. पेन्शनबद्दल नाहीत.

हायवेला एकटी पिकअप लिटरला १२ देत असेल, तर १४ लाखांची ती उंच कॅराव्हॅन मागे लावून ८०च्या वेगाने मी ७ धरीन. डिझेल ९० रुपये लिटर धरलं, तर ८ हजार किलोमीटरला एकट्या गाडीचे ६० हजार झाले असते, ते कॅराव्हॅनसकट १ लाख ३ हजार होतील. फरक ४३ हजार, म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये. ईपीएसच्या पेन्शनचा निम्मा भाग गेला, असं मेहुणे म्हणू शकतात. पण तुमच्या एकूण गणितात हा आकडा किरकोळ आहे.

तरी डिझेलवर थोडं थांबतो, कारण ते जातं कुठे याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. सगळे वजनाकडे बघतात. तुम्हीही लिहिलंय की पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघू, तिथे पोचल्यावर भरू. आता बोरघाटाचा चढ घ्या, खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण साडेपाचशे मीटर. डिझेलमधल्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांशच चाकांपर्यंत पोचते. हे धरूनही एक टनाची कॅराव्हॅन तेवढी वर चढवायला जादा डिझेल लागतं फक्त अर्धा लिटर. पंचेचाळीस रुपये! घाटात इंजिन ओरडतं, तापमानाचा काटा सरकतो, म्हणून सगळा खर्च तिथेच होतोय असं वाटतं, एवढंच. सपाट रस्त्यावर त्या एक टनाच्या चाकांना १०० किलोमीटरमागे लिटरभर डिझेल लागतं. टाकीतलं १०० लिटर पाणी म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. ते खुशाल भरून न्या.

खरं डिझेल खातो वारा. कॅराव्हॅनचं तोंड सात फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच. पिकअपच्या टपाच्या वर आणि दोन्ही बाजूंना ते बाहेर येतं, आणि तेवढी भिंत तुम्ही हवेतून ढकलत नेता. माझ्या हिशेबाने ८०च्या वेगाला त्यासाठी १०० किलोमीटरमागे जवळपास पाच लिटर जादा लागतात. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १००ने गेलात तर हाच आकडा दीडपटीच्या वर जातो आणि ६५वर आलात तर एक तृतीयांशाने घटतो. म्हणजे ६५चा वेग ठेवला तर लिटरला साडेआठच्या आसपास मिळतील आणि वर्षाचे १८-२० हजार रुपये वाचतील. २०११पासून रुंदीकरणाखाली असलेला मुंबई-गोवा महामार्ग ही बचत बऱ्याच ठिकाणी तुमच्यावर लादेलच.

वेग कमी ठेवायचं दुसरं कारण ब्रेकचं आहे. उतरताना मागचा टनभर बोजा गाडीला ढकलत असतो, आणि चढताना घातलेलं डिझेल उतरताना परत मिळत नाही. कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आता पैशांकडे वळू. ३८ आणि १४ मिळून ५२, त्यातून इनोव्हाचे ९ वजा केले की तुमच्या खिशातून ४३ लाख बाहेर पडतात. हे पैसे आज काय कमावू शकतात? ६० पूर्ण झाल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुम्हाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. एप्रिल २०२३पासून तिचा दर ८.२ टक्के आहे. ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात. उरलेले १३ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर आणखी ९१ हजार. कर कापण्याआधी महिन्याला २८ हजार झाले, म्हणजे तुमच्या घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भाग. मेहुण्यांना पेन्शनची काळजी आहे ना, तर तुमचं खरं पेन्शन हे आहे.

त्यात घसारा मिळवा. ऑन-रोड किमतीतला रस्ता-कर आणि पहिल्या वर्षाचा विमा शोरूमच्या दारातच संपतो, गाडी विकताना त्याचे पैसे मिळत नाहीत. पाच वर्षांनी पिकअपचे १९ आणि कॅराव्हॅनचे ६ लाख येतील, असं मी धरतो. कॅराव्हॅनचा आकडा उदार आहे, कारण आपल्याकडे जुनी कॅराव्हॅन घेणारं गिऱ्हाईक शोधावंच लागतं. म्हणजे ५२चे २५ झाले, वर्षाला ५ लाख ४० हजार गेले. विमा, सर्व्हिस, टायर आणि कॅराव्हॅन उभी करायची जागा यांचे आणखी पावणेदोन लाख.

जागेबद्दल तुम्ही "सोसायटीत बघू" असं एका ओळीत उरकलंय. नेरुळच्या जुन्या सोसायट्यांमध्ये दुसऱ्या कारला जागा मिळवताना कमिटीशी किती मीटिंगा होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे सहा मीटरची कॅराव्हॅन कोण उभी करू देईल? पनवेल-उरणकडे कुणाच्या तरी आवारात भाड्याने जागा घ्यावी लागेल, मी महिना ५ हजार धरलेत. आणि जून ते सप्टेंबर ती तिथेच भिजत राहणार. चार महिने बंद डब्यात गाद्यांना बुरशी धरते, खाडीच्या हवेत चासी गंजते, उभे टायर एका जागी दबतात. पावसाळ्यानंतरची पहिली सहल म्हणजे आधी आठवडाभर साफसफाई.

व्याज, घसारा, देखभाल मिळून वर्षाला साडेदहा लाख होतात. इनोव्हा ठेवली असती तरी घसारा, विमा, सर्व्हिस धरून पावणेदोन लाख गेलेच असते, ते वजा करा. राहिले पावणेनऊ लाख. आठ सहली, सहलीमागे सहा दिवस, म्हणजे वर्षाला पन्नासेक दिवस. एका दिवसाला साडेसतरा हजार रुपये, डिझेल वेगळं. गणपतीपुळ्याला समुद्र दिसेल अशी चांगली खोली याच्या तिसऱ्या हिश्शातही मिळते.

हौसेला असा दिवसाचा भाव लावू नये, हे मलाही पटतं. म्हणून दुसऱ्या बाजूने बघू. पेन्शन वजा जाता तुम्हाला वर्षाला ५ लाख १६ हजार लागतात. महागाई ६ टक्के आणि कर जाऊन परतावा साडेसात टक्के धरला, तर १ कोटी १५ लाख तुम्हाला वयाच्या ८७व्या वर्षापर्यंत पुरतात. ४३ लाख काढून घेतले की उरलेले ७२ लाख ७६व्या वर्षी संपतात. तेही कॅराव्हॅनचं डिझेल आणि देखभाल घरखर्चात न मिळवता. पाच वर्षांनी दोन्ही विकून २५ लाख परत आले, तरी मजल ८०च्या पुढे जात नाही, आणि तेव्हा दारात गाडीही नसेल. वहिनी तुमच्याहून चार वर्षांनी लहान आहेत. तुमच्या ७६व्या वर्षी त्या ७२ वर्षांच्या असतील.

शिवाय तुमच्या ५० हजारांत आरोग्य विम्याचा हप्ता मला दिसला नाही. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो. दोघांचा स्वतःचा विमा आत्ताच, नोकरीत असतानाच घ्या. आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ (ज्यात त्या आजारांचा खर्च विमा देत नाही) जितका लवकर सुरू होईल तितकं बरं. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा तरी दिलासा. हप्त्याचे वर्षाला ६०-७० हजार बाजूला काढले की वरची सगळी वयं आणखी खाली येतात.

तेव्हा हायलक्स आणि मोठी कॅराव्हॅन, दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. ५२ लाख गुंतवून मोकळं व्हावं एवढा पैसा तुमच्याकडे नाही.

पण सहलींना मी नाही म्हणत नाही. उलट साठी ते सत्तरी ही वर्षं फिरण्यासाठी राखून ठेवायला मी प्रत्येकाला सांगतो, कारण सत्तरीनंतर पैसे असूनही लोक घरी बसलेले मी बघतो. वर्षाला २ लाख रुपये आजच्या भावाने "फिरणं" म्हणून वेगळे काढा, पुढची आठ वर्षं. त्याने तुमचे पैसे ८२-८३व्या वर्षापर्यंत पुरतात. हा खर्च हवा तेव्हा थांबवता येतो. एका वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर त्या वर्षीचे २ लाख तिकडे वळवता येतील. पार्किंगमध्ये उभ्या ५२ लाखांचं तसं करता येत नाही.

या २ लाखांतून आधी कॅराव्हॅन भाड्याने घ्या. राज्याने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि ड्रायव्हरसकट भाड्याने देणारेही आता आहेत. दिवसाला १० ते १२ हजार धरून चला. एप्रिल-मेमध्ये मात्र जाऊ नका. रात्री एसीला बाहेरून वीज मिळाली नाही तर कोकणातल्या उकाड्यात तो डबा भट्टी होतो, आणि तेवढ्यावरून कल्पनाच वाईट ठरेल. दिवाळीनंतर दापोली-हर्णैकडे पाच दिवस जा. वहिनींना आत चढता-उतरता येतं का, त्या अरुंद संडासात गुडघे वळतात का, आणि सुट्टीत रोज स्वयंपाक त्यांना खरंच करायचाय का, हे त्या पाच दिवसांत कळेल. तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच नव्हतं, फक्त गुडघे होते.

त्यानंतरही दोघांनाही ओढ राहिली, तर त्या बुटक्या ट्रेलरकडे पुन्हा बघा. साडेपाच लाखांनी तुमची पुंजी जेमतेम दीड वर्ष अलीकडे संपते. तो इनोव्हाच्या आडोशाला राहतो, त्यामुळे वारा त्याला फारसा लागत नाही. लिटरला १३ देणारी गाडी १० देईल, ८ हजार किलोमीटरला जादा खर्च १७ हजारांच्या आत. उभं राहता येत नाही ही अडचण खरीच. मात्र तो मागे असला तरी रात्री खोली घ्यायला कुणी अडवत नाही, आणि दुपारचा चहा-जेवण ओट्यावर होतं. त्याआधी इनोव्हाच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाची मर्यादा बघा आणि हुक लावल्याने वॉरंटीवर किंवा विम्यावर काय परिणाम होतो ते लेखी विचारा. बनवणाऱ्याकडे ट्रेलरचं मान्यता प्रमाणपत्र असायलाच हवं, त्याशिवाय आरटीओत नोंदणी होणार नाही. नोंदणी नसलेल्या ट्रेलरने अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल आणि भरपाई तुमच्या पुंजीतून जाईल.

बुकिंगच्या ५० हजारांसाठी आजच डीलरला ईमेल करा, फोनवर बोलून सोडू नका. पावतीच्या मागे रद्द करण्याच्या अटी छापलेल्या असतात, त्या वाचा. गाडीला चासी नंबर लागायच्या आधी रद्द केलंत तर कपात बहुधा किरकोळ असते, नंतर ते वाद घालतात. ३१ तारखेनंतर सवलत जाईल असं सेल्समन सांगतोय, ते त्याचं कामच आहे. काही हजार कापून घेतले तरी घेऊ द्या.