पांढऱ्याशुभ्र भिंती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घराच्या आतील पांढऱ्या रंगाविषयी होती, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रांचा आशय थोडक्यात घेतला आहे.

प्रश्न : दिवाणखान्यासाठी आम्ही शेड कार्डवरचा सर्वांत शुभ्र पांढरा रंग निवडला. कार्डवर तो लखलखीत दिसत होता. भिंतीवर मात्र तो दिवसभर निळसर करडा दिसतो आणि संध्याकाळी दिवे लावले की पिवळट होतो. रंगातच काही खोट असेल का?

उत्तर : रंगात खोट असण्याचा संभव फार कमी आहे. आपल्या दिवाणखान्यातला उजेड आणि आपण निवडलेला पांढरा यांचे जमलेले नाही, एवढाच याचा अर्थ. भिंत स्वतः प्रकाश देत नाही, मिळालेला परत करते. आणि पांढरी भिंत तो जवळजवळ जसाच्या तसा परत करते. गडद भिंतीचा स्वतःचा रंग इतका ठळक असतो की उजेडाची छटा त्यात दबून जाते, पण पांढऱ्याला ती लपवता येत नाही. खिडकीतून थेट ऊन न येता नुसता आकाशाचा उजेड येत असेल, तर तो निळसर असतो आणि भिंतही तशीच दिसते. खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर हिरवट झाक येते, लालसर फरशीवर ऊन पडले की भिंतीचा खालचा पट्टा गुलाबी होतो, आणि २७०० केल्विनचा दिवा (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा) लावला की सगळ्या खोलीवर पिवळेपणा चढतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे खिडक्या असलेल्या खोल्यांत ही तक्रार अधिक आढळते, कारण तिथे वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही.

दुसरी गोष्ट रंगाच्या घडणीची. आजच्या जवळजवळ सर्व पांढऱ्या रंगांना शुभ्रपणा येतो तो टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. त्याचा रंगांत सर्वाधिक वापरला जाणारा रुटाइल हा प्रकार वर्णपटाच्या जांभळ्या टोकाचा थोडा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे त्याच्या पांढऱ्यात मुळातच किंचित पिवळसरपणा असतो. तो मारण्यासाठी काही पांढऱ्यांत निळ्या किंवा जांभळ्या रंगाचा अगदी थोडा अंश मिसळतात. अशा मिश्रणाने रंग डोळ्यांना अधिक शुभ्र भासतो, पण प्रत्यक्षात तो थोडा कमी प्रकाश परत करतो. दुकानातल्या प्रखर प्रकाशात असा पांढरा उठून दिसतो, आणि निळसर उजेडाच्या खोलीत त्याचा निळेपणा दुप्पट जाणवतो. आपल्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे.

म्हणून नुसते कार्ड पाहू नये, रंगाचा परावर्तनाचा आकडाही विचारावा. एलआरव्ही या नावाने तो शेड कार्डच्या मागे किंवा उत्पादनाच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. ० म्हणजे सारा प्रकाश गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सारा प्रकाश परत करणारा आदर्श पांढरा. घरात वापरायच्या अतिशुभ्र रंगांचा आकडा ९० च्या थोडा पुढे जातो, तर मोतिया आणि हस्तिदंती छटा साधारण ८० ते ८५ च्या आसपास असतात. फरक लहान वाटतो, पण खोलीत प्रकाश एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर पुन्हा पुन्हा आपटत असतो. ९० टक्के प्रकाश परत करणाऱ्या भिंतींवर तीनदा आपटल्यावर त्यातला सुमारे ७३ टक्के उरतो; ८० टक्क्यांच्या भिंतींवर जेमतेम ५१ टक्के. हा लाभ पदरात पडतो तो मात्र छत पांढरे, फरशी फिकट आणि सामान मोजके असलेल्या खोलीत. गडद फरशी, मोठी लाकडी कपाटे आणि जाड पडदे असतील, तर प्रकाश भिंतीकडे परत येण्याआधीच त्यांत जिरतो.

यावरून माझे ठाम मत असे आहे की, अंधारी खोली उजळण्यासाठी अतिशुभ्र पांढरा हा उपाय नव्हे. जिथे भरपूर ऊन किंवा मोकळे आकाश आहे तिथेच तो खुलतो. उजेड कमी असेल तिथे किंचित पिवळसर किंवा लालसर झाक असलेला, पण परावर्तनाचा आकडा ८५ च्या आसपास असलेला पांढरा अधिक प्रसन्न दिसतो. लगेच पुन्हा रंग देण्याआधी आपण दिवे बदलून पाहावेत. ३००० ते ४००० केल्विनचे आणि रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय ९० किंवा त्याहून अधिक असलेले दिवे घ्यावेत, आणि त्यांपैकी एखाद्याचा झोत छताकडे वळवावा. संध्याकाळचा पिवळेपणा त्याने बराच कमी होईल. दिवसाचा करडेपणा मात्र दिव्यांनी जाणार नाही. तो खुपत असेल तर वर सांगितलेल्या उबदार पांढऱ्याचे दोन हात द्यावे लागतील.

प्रश्न : भिंतीवर छोटे छोटे नमुने लावून पाहिले, तरी निर्णय होत नाही. दर वेळी वेगळाच पांढरा आवडतो. नमुना पाहण्याची काही पद्धत आहे का?

उत्तर : आहे, आणि ती पाळल्यास निर्णय पुष्कळ सोपा होतो. जुन्या रंगावर वीतभर चौकोन रंगवणे हीच चूक असते, कारण डोळा कोणताही पांढरा त्याच्या शेजारच्या रंगाच्या तुलनेतच पाहतो. फिकट निळ्या भिंतीवर लावलेला नमुना पिवळा दिसेल आणि पिवळ्या भिंतीवरचा तोच नमुना निळसर. निदान दोन फूट लांब-रुंद पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्यावा, त्यावर प्रायमर आणि निवडलेल्या रंगाचे दोन हात द्यावेत, पूर्ण वाळू द्यावा आणि तो भिंतीला टेकवून उभा ठेवावा. टेबलावर आडवा ठेवून पाहू नये. आडव्या पृष्ठभागावर प्रकाश वेगळ्या कोनातून आणि बहुधा जास्त पडतो. तुकडा खिडकीजवळ, खिडकीच्या समोरच्या भिंतीवर आणि सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, सकाळी, दुपारी व रात्री दिव्यांत पाहावा. एका वेळी दोनच पांढऱ्यांची तुलना करावी.

एक सूचना मुद्दाम देतो. छपाईचा पांढरा कागद शेजारी धरून तुलना करू नये. त्या कागदात अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देणारी द्रव्ये असतात, त्यामुळे दिवसाउजेडी त्याच्याशेजारी चांगल्यातला चांगला पांढरा रंगही मळकट वाटतो आणि माणूस नको तितक्या निळ्या पांढऱ्याकडे वळतो. तुलना करायची तर आपल्या घरात कायम राहणाऱ्या वस्तूंशी करावी : फरशी, खिडक्यांच्या चौकटी, न्हाणीघरातल्या टाइल्स, सोफ्याचे कापड. या गोष्टी बदलणार नसतात, म्हणून रंगाने त्यांच्याशी जुळवून घ्यायचे असते.

प्रश्न : भिंती, छत, दारे आणि चौकटी यांना एकच पांढरा लावावा की वेगवेगळे?

उत्तर : छटा एकच ठेवावी आणि तकाकी बदलावी, असे मी सुचवीन. दोन वेगळे पांढरे शेजारी आले की त्यांतला एक हमखास घाणेरडा दिसतो. शुभ्र चौकटीला लागून मोतिया भिंत असेल, तर लोकांना ती मुद्दाम निवडलेली वाटत नाही, जुनी झालेली वाटते. वेगळेपण हवेच असेल तर फरक ठळक असावा.

छताला संपूर्ण मॅट, म्हणजे बिनतकाकीचा, रंग द्यावा. त्याच डब्यातला रंग छतावर भिंतीपेक्षा गडद दिसतो, कारण छताला खिडकीचा उजेड थेट मिळत नाही, फरशी व भिंतींवरून उसळलेलाच मिळतो. म्हणून अतिशुभ्र पांढरा घरात एकाच ठिकाणी लावायचा असेल तर तो छताला लावावा. भिंतींना मॅट किंवा हलक्या तकाकीचा, आणि ज्यांना सतत हात लागतो त्या दारांना व चौकटींना मध्यम तकाकीचा सॅटिन द्यावा. तकाकी जितकी जास्त, तितका रंग धुण्यास सोपा. पण भिंतीचा प्रत्येक उंचवटा, पुट्टीचा प्रत्येक जोड आणि रोलरची प्रत्येक रेघही तितकीच उघडी पडते. खिडकीला लागून असलेल्या भिंतीवर उजेड तिरपा सरकत येतो. तिथे पांढरा तकतकीत रंग लावायचा असेल, तर आधी रात्री भिंतीलगत दिवा धरून पुट्टीचे काम तपासून घ्यावे आणि जिथे सावली दिसेल तिथे पुन्हा पॉलिश पेपर फिरवावा.

प्रश्न : दारांना दिलेला पांढरा ऑइल पेंट दोन-तीन वर्षांत पिवळा पडला. कपाटामागे झाकला गेलेला भाग तर उघड्या भागापेक्षा जास्त पिवळा आहे. उन्हाने पिवळा पडतो म्हणावे तर हे उलटे कसे?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. तेलावर किंवा अल्किडवर (तेलापासून बनवलेल्या कृत्रिम राळेवर) आधारित एनॅमल वाळते ते हवेतल्या प्राणवायूशी होणाऱ्या प्रक्रियेने, आणि ती प्रक्रिया पुढेही संथपणे चालू राहून पिवळट द्रव्ये तयार होतात. उजेड त्या द्रव्यांचा रंग बराचसा उडवतो; अंधारात मात्र ती साठत जातात. म्हणूनच कपाटामागचा, पडद्याआडचा किंवा दाराच्या मागच्या बाजूचा भाग अधिक पिवळा होतो. अमोनिया असलेल्या सफाईच्या द्रावणांनीही हा पिवळेपणा वाढतो. पांढऱ्या दारांसाठी आता पाण्यावर आधारित ॲक्रिलिक एनॅमल घ्यावे. ते असे पिवळे पडत नाही. जुन्या ऑइल पेंटवर ते थेट धरत नाही, म्हणून पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने पुसून, घासून खरखरीत करून आणि योग्य प्रायमर देऊनच लावावे.

घर फार जुने असेल तर कोरडे घासण्याआधी थांबावे. पूर्वीच्या पांढऱ्या रंगांत शिसे असे, आणि घासताना उडणारी त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक ठरते. इमारतींच्या आतील रंगकामात शिशाच्या पांढऱ्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९२१ सालचा आहे, तरी असे रंग त्यानंतरही अनेक दशके वापरात राहिले. शंका असल्यास आधी तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : गडद निळ्या भिंतीवर पांढऱ्याचे तीन हात झाले, तरी निळे डोकावते आहे. रंगारी म्हणतो रंग हलक्या प्रतीचा आहे, दुकानदार म्हणतो रंगाऱ्याने पाणी जास्त घातले. खरे कोण?

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. पांढरा रंग खालचा रंग झाकतो तो प्रकाश विखरून, आणि किती विखरेल हे रंगकण आणि त्यांना धरून ठेवणारे बंधक द्रव्य यांच्या अपवर्तनांकांतल्या (पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्या आकड्यांतल्या) फरकावर ठरते. रुटाइलचा अपवर्तनांक सुमारे २.७ आहे, बंधकाचा सुमारे १.५, तर खडूच्या भुकटीचा सुमारे १.६. म्हणून टायटॅनियम भरपूर असलेला रंग झाकतो, आणि ते कमी करून खडू वाढवलेला स्वस्त रंग ओल्या कापडासारखा आरपार दिसतो. पाणी प्रमाणाबाहेर घातले की थर पातळ बसतो आणि चांगला रंगही झाकेनासा होतो. त्यात अतिशुभ्र छटांत करड्याचा अंश जवळजवळ नसतो, त्यामुळे त्या मुळातच थोड्या कमी झाकतात.

चौथा हात देण्याऐवजी आता पांढऱ्या किंवा अगदी फिकट करड्या प्रायमरचा एक हात द्यावा आणि मग रंगाचे दोन हात, डब्यावर लिहिले असेल तेवढेच पाणी घालून. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच तो झाकतो आहे की नाही ते ठरवावे, कारण बरेच इमल्शन ओले असताना कमी झाकतात. भिंतीवर धुराचे, पाण्याचे किंवा लाकडातून उतरणारे तपकिरी डाग असतील, तर साध्या प्रायमरने भागत नाही; डाग अडवणारा प्रायमर लागतो, नाहीतर ते कितीही हातांतून वर येतात. आणि भिंतीत ओल असेल तर रंगकामच थांबवावे. ओलीबरोबर क्षार वर येतात, पोपडे धरतात, आणि शुभ्र रंगावर ते इतर कोणत्याही रंगापेक्षा आधी दिसतात. नव्या गिलाव्यालाही निदान चार आठवडे वाळू द्यावे.

प्रश्न : ९८ टक्के प्रकाश परत करणारा पांढरा रंग शोधला गेल्याचे वाचले. तो घरात लावता येईल का?

उत्तर : आपण वाचलेली बातमी अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील संशोधनाची असावी. त्या रंगात टायटॅनियमऐवजी बेरियम सल्फेट आहे आणि तो ९८.१ टक्के सूर्यप्रकाश परत करतो. मात्र त्याचा उद्देश उन्हात तापणाऱ्या इमारतींचा बाहेरील पृष्ठभाग थंड ठेवणे हा आहे. दिवाणखान्याच्या भिंतीला त्याची गरज नाही.

प्रश्न : अभ्यासाच्या खोलीला पांढराशुभ्र रंग दिल्यापासून संगणकावर काम करताना डोळे शिणतात. शिवाय दिव्यांच्या बटणांभोवती हातांचे डाग पडले आहेत. पुन्हा सगळी खोली रंगवावी लागेल का?

उत्तर : सगळी खोली रंगवण्याची गरज नाही. डोळे शिणतात कारण संगणकाच्या पडद्यामागची भिंत पडद्यापेक्षा पुष्कळ उजळ आहे आणि डोळ्यांना दोन्हींशी एकाच वेळी जुळवून घ्यावे लागते. पडद्यामागची तेवढी एक भिंत मध्यम छटेच्या मॅट रंगाने रंगवावी, किंवा टेबल अशा रीतीने फिरवावे की खिडकी बाजूला येईल, समोर किंवा पाठीशी राहणार नाही.

डागांसाठी आधी मऊ स्पंज आणि सौम्य साबणाचे पाणी वापरावे. मॅट रंग जोराने घासला की तेवढाच भाग चकाकू लागतो, म्हणून हलक्या हाताने पुसावे. डाग गेला नाही तर ठिगळ लावावे लागेल, आणि ते दिसू नये यासाठी उरलेला रंग त्याच डब्यातला, निदान त्याच बॅच क्रमांकाचा असावा व पहिल्यांदा रोलरने लावला असल्यास पुन्हा रोलरनेच लावावा. तरीही ठिगळ उठून दिसले, तर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची ती पूर्ण भिंत रंगवावी. दोन भिंती कोपऱ्यात वेगवेगळ्या कोनांतून उजेड घेत असल्याने नव्याजुन्यातला थोडा फरक तिथे लक्षात येत नाही.