रिंगा नव्या, तरी इंजिन ऑइल खातं

प्रश्न : विहिरीवरच्या ५ अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाला (बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८० मिमी) पिस्टनच्या नव्या रिंगा घातल्या. लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) मापात वाटला म्हणून जुनाच ठेवला. आधी दहा तास बिनभाराचं चालवलं. आता ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या पेटीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फकफक हवा येते, धूर निळा आहे. जास्त ताणाच्या रिंगा घालू का?
— एक वाचक, सांगोला

उत्तर : नको. रिंगा ढिल्या नाहीत, त्या बसल्याच नाहीत. रिंगेचा स्वतःचा ताण लायनरवर जेमतेम एक-दोन बार दाब देतो, तर डिझेल पेटल्यावर पिस्टनवरचा दाब ६०-७० बारपर्यंत जातो. सील करतो तो हाच गॅस. तो रिंगेच्या वरच्या फटीतून पिस्टनच्या खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे भरतो, तिला खाली खाचेच्या तळावर आणि बाहेर लायनरवर रेटतो. बिनभाराच्या इंजिनात डिझेल कमी जळतं, म्हणून हा रेटाही कमी पडतो. रिंग घासून जुळत नाही, भिंतीवरचं ऑइल करपून काचेसारखा थर धरतो. काळजी म्हणून केलेले दहा तासच नडले.

पिस्टन काढा. लायनर मापात होता म्हणता, पण मोजला कुठे? तो सर्वात जास्त झिजतो वर, जिथे पहिली रिंग थांबते तिथे. एक रिंग लायनरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ ढकला आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तिचा गॅप, म्हणजे दोन टोकांमधली फट, आधी तळाशी, मग वर मोजा. दोन्हींतला फरक भागिले ३.१४, म्हणजे व्यासातली झीज. गॅप ०.३ मिमीने वाढला तर लायनर ०.१ मिमी झिजलाय. तळाशी ८० मिमीला साधारण ०.२५ ते ०.३५ मिमी गॅप हवा. इंजिनाच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरा. गॅप कमी असणं जास्त वाईट: तापल्यावर टोकं भिडतात, रिंग लायनर ओरबाडते किंवा तुटते.

झीज मर्यादेत असेल तर होनिंग करून घ्या, म्हणजे लायनर आतून दगडाने घासून त्यावर बारीक तिरप्या रेषा पाडून घ्या. रेषा एकमेकींना ४५ ते ६० अंशांत छेदायला हव्यात. नंतर नुसतं डिझेल मारून भागत नाही, दगडाची पूड रेषांत अडकून राहते. गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने ब्रश मारा, पांढरं फडकं फिरवून राखाडी डाग उठेनासा होईपर्यंत. लगेच पुसून ऑइल लावा, नाहीतर तासाभरात गंज धरतो.

खाचेतला कार्बन जुन्या रिंगेच्या तुकड्याने काढा, पण तळ खरवडू नका. गॅस तिथेच अडतो. रिंगेवरची ‘टॉप’ खूण वर ठेवा. दुसरी रिंग उलटी बसली तर ऑइल खाली ओढायचं सोडून वर चढवते.

सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या, मग पंप जोडून डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा उघडा, तासाभराने पूर्ण. २५ तासांनी ऑइल बदला.

प्रश्न : दाब गॅसच देतो, तर ऑइल रिंगेच्या (भिंतीवरचं ऑइल खरवडणाऱ्या खालच्या रिंगेच्या) आत कॉइल स्प्रिंग कशाला?

उत्तर : वरच्या रिंगा ओलांडून तिथवर गॅसचा दाब पोचत नाही, म्हणून तिथे मात्र ताण स्प्रिंगचाच. स्प्रिंगचा जोड रिंगेच्या गॅपच्या बरोबर समोरच्या बाजूला ठेवा.