रिसॉर्टवर रात्र काढली, तरी काहीच झालं नाही

"मॅडम, एवढा खर्च करून गेलो, ना धड बोललो ना जवळ आलो. आमचं काही उरलंच नाही काय आता?"

विदर्भातल्या गावांतून आमच्याकडे समुपदेशनाला येणारी जोडपी हा प्रश्न हल्ली वरचेवर विचारतात. पेंच, ताडोबा, उमरेड, चिखलदरा या भागांत स्पा आणि स्विमिंग पूल असलेली रिसॉर्ट झाली आहेत. लग्नाच्या वाढदिवसाला 'कपल पॅकेज' घ्यायची रीतही पडली आहे. एकत्र कुटुंबात एकांत मिळत नाही, हे दुखणं तर जुनंच. मग एका रात्रीवर वर्षभराची भिस्त टाकून लोक जातात आणि तोंड पाडून परत येतात. अशाच एका जोडप्याची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

काटोल तालुक्यातलं गाव. नवरा 36 वर्षांचा, संत्र्याची बाग आणि थोडं ओलिताचं वावर. बायको 33 वर्षांची, गावातच अंगणवाडी सेविका. मुलगी 8 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा. घरात सासू-सासरे, भिंतीपलीकडे भासरे (थोरले दीर) आणि जाऊ. यांच्या खोलीला दार आहे, पण आतून कडी नाही, आणि मुलगा दोघांच्या मधे झोपतो. आंबिया बहाराची बाग व्यापाऱ्याला दिली, हातात पैसा आला, म्हणून डिसेंबरात त्यानं पेंचच्या बाजूचं 11,000 रुपयांचं पॅकेज घेतलं. त्यात एक रात्र, दोघांना एका खोलीत मसाज, नंतर स्टीम आणि मेणबत्त्या लावून जेवण असं सगळं होतं.

असं जोडपं समोर बसलं की एकमेकांबद्दल काय वाटतं, हे आम्ही लगेच विचारत नाही. त्या प्रश्नानं भांडण पुन्हा पेटतं. आधी घड्याळ विचारतो: आदल्या रात्री किती झोपलात, घरून किती वाजता निघालात, काय खाल्लं, कोणाचा फोन कधी आला. दोघांनी मिळून कागदावर तो दिवस लिहायचा. यांच्या कागदावर जे उतरलं, त्यात निम्मं उत्तर होतं.

आदल्या तीन रात्री शेतीपंपाची वीज, म्हणजे थ्री फेजची लाइन, रात्रीची होती. संत्रा ताणावर (पाणी तोडलेला) असला तरी गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, म्हणून तो तिन्ही रात्री वावरात. खोली दुपारी 2 वाजता मिळणार होती. पण सासऱ्यांचं बँकेचं काम निघालं, नागपुरात सासूचा चष्मा घ्यायचा राहिला होता, आणि 'आलोच आहोत तर' म्हणून तीन वाजता सावजीचं मटण झालं. पोहोचले साडेपाचला. मसाजची वेळ टळली, ती सातची मिळाली. मधल्या वेळात त्यानं बिअरच्या दोन बाटल्या संपवल्या. मसाज, मग 20 मिनिटं स्टीम, साडेनऊला पुन्हा भरपेट जेवण. मुलगा झोपत नाही म्हणून सासूचे तीन फोन. अकरा वाजता जवळ यायचा प्रयत्न झाला, त्याला ताठरता आली नाही. तो म्हणाला, "एवढे पैसे घातले अन् तू मेल्यासारखी पडलीस." ती भिंतीकडे तोंड करून रडली. सकाळी नाश्ता न करताच गाडी काढली.

या दिवसात प्रेम आटल्याचा पुरावा कुठेच दिसत नाही. दिसते ती साचलेली झोप, बिअर आणि धास्ती.

पुरुषाच्या लिंगाला ताठरता येते ती शरीर निवांत असतानाच. 'आज जमलंच पाहिजे' ही धास्ती घेतली की ॲड्रेनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथे रक्त पोहोचत नाही. त्यात दारूनं संवेदना बोथट होते. स्टीममध्ये कातडीच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्तदाब उतरतो. दारूही तेच करते, म्हणून दोन्ही एकत्र आलं की उठताना अंधारी येते. यालाही आली होती, ते त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. दारू घेऊन स्टीम किंवा गरम टबात जाऊच नये. एरवीही 10 ते 15 मिनिटं पुरे, आधी आणि नंतर दोन-दोन पेले पाणी. मसाजच्या आधी दीड-दोन तास पोट हलकं हवं. ताप, गरोदरपण, आटोक्यात नसलेलं बीपी, पायाच्या शिरांत गाठ किंवा मोठ्या सुजलेल्या शिरा असतील, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय मसाज-स्टीम दोन्ही नको. मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू असणाऱ्यांना जाता जाता एक सूचना: गरम टबात वारंवार बसल्यानं शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते आणि ती सुधारायला दोन-अडीच महिने लागतात. 'गोड बातमी'च्या आशेनं गेलेल्यांनी टब सोडून द्यावा.

तिची बाजू निराळी होती, आणि ती बाहेर यायला दोन भेटी लागल्या. रिसेप्शनवर तिच्या आधारकार्डावर माहेरचं आडनाव पाहून मुलानं "हे तुमचे कोण?" असं विचारलं. ती तिथेच शरमली. खरं तर नवरा-बायकोचं आडनाव एकच असावं असा कायदा नाही, हॉटेलवाल्यानं लग्नाचा दाखला मागावा असाही नाही. दोघांची ओळखपत्रं दिली की झालं. बुकिंगच्या वेळी फोनवर तेवढं बोलून ठेवावं. पुढे मसाजच्या खोलीत हातात कागदी चड्डी दिली आणि कपडे काढायला सांगितलं. मसाज करणारी बाईच होती, तरी आयुष्यात अशा रीतीनं अंगाला परका हात लागलेला नव्हता, आणि शेजारच्या टेबलावर नवरा. तिनं 60 मिनिटं दात आवळून काढली. छतावरचा धूर ओळखणारा गोल डबा कॅमेराच असेल, असं तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं. (असं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. शंका आली तर खोली सोडून 112 ला फोन करावा, संकोच करू नये.)

सगळ्यात मोठी भीती तिनं शेवटी सांगितली. निरोध आणलेलाच नव्हता, जवळच्या मेडिकलपर्यंत जायचं तर गाडी काढावी लागणार, आणि तिसरं मूल तिला नको होतं. त्याला वाटलं तिला आपण नकोसे झालो. या एका गैरसमजावर आमची जवळजवळ एक पूर्ण भेट गेली आणि ती सत्कारणी लागली. इथे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं: तिळाचं किंवा खोबरेल तेल लागलं की रबरी निरोध काही मिनिटांत कमजोर होतो आणि फाटू शकतो. मसाजनंतर साबणानं नीट अंघोळ करावी, ओलावा कमी पडत असेल तर पाण्यात विरघळणारं जेल वापरावं. दर वेळची ही काळजी मिटवायची तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तांबी आणि दर तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन मोफत मिळतं. तिनं तांबी बसवून घेतली.

पुन्हा जायचं का, यावर दोघांचं जमत नव्हतं. त्याला डाग पुसायचा होता, तिला तमाशा नको होता. आम्ही तारीख ठरवण्याआधी एक अट घातली: गेलात तर त्या रात्री संबंध ठेवायचा नाही. जमेल का, हा प्रश्नच त्यामुळे उरत नाही. 1970 मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी मांडलेल्या उपचाराचा हा पाया आहे, आणि गावातल्या जोडप्यांनाही तो तितकाच लागू पडतो. करायचं असं: खोली उबदार, दिवा मंद पण चालू. एकानं 20 मिनिटं दुसऱ्याला हात लावायचा: केस, कपाळ, मान, पाठ, तळवे, पावलं. छाती आणि गुप्तांग वगळायचं. दुसऱ्यानं काहीच करायचं नाही. फक्त 'इथे बरं वाटतं', 'इथे नको', 'हलक्या हातानं' एवढंच बोलायचं. मग अदलाबदल. कपडे किती ठेवायचे हे ज्याच्या अंगाला हात लागतोय त्यानं ठरवायचं. बहुतेक जण दोन ठिकाणी घसरतात: हात लावणारा घाईघाईनं चोळत सुटतो, नाहीतर पाचव्या मिनिटाला बरं वाटलं म्हणून अट मोडतात. अट मोडली की पुढच्या वेळी पुन्हा परीक्षा सुरू.

घरच्यांना काय सांगायचं, हा मुद्दा रिसॉर्टपेक्षा अवघड. पहिल्या वेळी परवानगी मागायला तिला पुढे केलं होतं, आणि सासू म्हणाली होती, "दोन पोट्टे झाल्यावर आता कायचं फिरणं?" या वेळी त्यानं स्वतः आईशी बोलायचं ठरलं. आमचं मत इथे स्पष्ट आहे: ज्याची आई त्यानं सांगावं. कारणं देऊ नयेत, खोटं लग्न-बारसंही काढू नये. "आई, उद्या सकाळी आम्ही दोघं बाहेर जातो, परवा दुपारच्या जेवणाला घरी येऊ. पोरांकडे तू पाहशील का?" एवढं पुरतं. मुलांना आदल्या दिवशी सांगायचं, गुपचूप निघायचं नाही. चार वर्षांचं पोर उठल्यावर आई दिसली नाही की रडून घर डोक्यावर घेतं आणि मग फोन सुरू होतात. संध्याकाळी सातला एक फोन, त्यात मुलांशी बोलणं. नंतर दोन्ही मोबाइल बंद, अडीअडचणीला रिसेप्शनचा नंबर सासऱ्यांकडे.

फेब्रुवारीतला मंगळवार निवडला. आठवड्याच्या मधल्या वारी भाडं उतरतं, आणि त्या आठवड्यात लाइन दिवसाची होती; पाणी सोडायला भासऱ्यांना सांगितलं. खोली 4,200 रुपयांची. मसाज वेगवेगळा: त्याला पूर्ण अंगाचा, तिला अंगावरच्या कपड्यांवर फक्त डोकं, खांदे आणि पावलांचा, 45 मिनिटांचा. बाईच हवी, मधेच 'थांबा' म्हटलं तर थांबायचं, हे बुकिंगलाच विचारून घेतलं. घरून वरण-भात खाऊन निघाले, वाटेत कुठलंही काम घेतलं नाही, दोनच्या ठोक्याला खोलीत. चारला मसाज, साडेसातला जेवण, दारू नाही. संत्र्याचा भाव, वाटणी आणि मुलीची शिकवणी हे तीन विषय त्या दिवसापुरते बंद. आवाज चढलाच तर काय, हेही ठरलं होतं. रागात नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं ऐकून घेणं अवघड जातं, म्हणून 20 मिनिटं वेगळं व्हायचं. एकानं व्हरांड्यात, एकानं खोलीत. रात्री पाय मोकळे करायला कुंपणाकडे जायचं नाही, त्या भागात बिबट्या फिरतो.

तो साडेआठला झोपला तो सकाळी सहालाच उठला. तिला आधी राग आला, मग स्वतःही झोपली. दोघांच्या हिशेबात हे बसणारं नव्हतं. आमच्या हिशेबात तेच आधी व्हायला हवं होतं. सकाळी व्हरांड्यात दोन-दोन कप चहा झाला, मग 20-20 मिनिटांचा तो प्रकार. तिच्या तळपायाला हात लागला तेव्हा ती इतकी हसली की पाच मिनिटं थांबावं लागलं. त्याला आपला उजवा हात खुरप्यानं किती खरखरीत झालाय हे तिच्या पाठीवर कळलं. पुढे काही झालं नाही, करायचंही नव्हतं.

घरी आल्यावर सुताराकडून दाराला आतून कडी बसवून घेतली. मुलगा आठवड्यातून तीन दिवस आजीजवळ झोपायला लागला. आधी चार रात्री रडला. लाइन दिवसाची असेल तो आठवडा दोघांचा. 20 मिनिटांचा प्रकार पाच-सहा वेळा झाल्यावर अट काढली आणि संबंध व्यवस्थित झाले, पहिल्या झटक्यात मात्र नाही.

एक तपासणी आम्ही सुरुवातीलाच करायला लावली होती. झोपेतून उठताना ताठरता येते का, असं त्याला विचारलं होतं. येत होती, म्हणजे रक्तपुरवठा बहुधा शाबूत. तशी येत नसेल, किंवा तीन महिन्यांच्या वर त्रास चालला असेल, तर आधी साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तपासावं, मेडिकलमधून मनानं ताठरतेची गोळी घेऊ नये. हृदयाची नायट्रेटची औषधं चालू असतील तर ती गोळी जिवावर बेतू शकते. बाईला संबंधाच्या वेळी दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. आणि घरात मारहाण असेल तर हा सगळा बेतच गैरलागू. तिथे आधी 181 ही महिला हेल्पलाइन. या नवऱ्याची उपाशीपोटी साखर 118 निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जेवणातला भात आणि बिअर दोन्ही कमी करायला सांगितलं आहे, बिअर सुटली आहे, भात अजून सुटत नाही.

दिवाळीनंतर पुन्हा जायचं म्हणतात. या खेपेला तिनं मसाज नको म्हणून सांगितलं आहे, नुसती खोली घ्यायची. परक्या हाताचं तिला अजूनही बरं वाटत नाही, आणि त्याची काही गरजही नाही.